नंबॅट, मावा आणि आमच्या वन्सं

फोन मृदुलाचा होता. मी तेव्हा कोपरगावला, माहेरी भाच्याच्या वास्तुशांतीला गेले होते. होम नुकताच पेटला होता आणि धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. "आई, आत्या गेली," एवढंच ती म्हणाली. दोघींपैकी एकीलाही फोन ठेवता येईना. मग तिनंच हळूहळू सांगितलं... आत्या सकाळी नेहमीसारखी उठली, केसांना तेल लावून घेतलं, खुर्ची उन्हात ओढून बसली, आलं घालून चहा कर म्हणाली. मृदुला कप घेऊन आली तर मान एका बाजूला कललेली. चहा मागितला आणि घेतलाच नाही. धुरानं आधीच सगळ्यांचे डोळे पाणावलेले, त्यामुळे माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, ते बरंच झालं.

इंदुमती माझ्या यजमानांची थोरली बहीण, म्हणजे माझी नणंद. मी त्यांना शेवटपर्यंत वन्सं म्हणत आले. गावासाठी त्या इंदूबाई, आणि नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेल्या कितीतरी मुलामुलींसाठी मॅडम. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी पन्नासेक वर्षांत कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं त्यांच्या शिस्तीबद्दल बोलतात, सायकलबद्दल बोलतात. मला मात्र एकाच वर्षाबद्दल सांगायचं आहे. मी लग्न होऊन केडगावात आले, ते वर्ष. एकाहत्तर साल.

केडगाव तेव्हा नगरचा भाग नव्हतं, पुणे रस्त्यावरचं वेगळं गाव होतं. आमच्या घरामागे करडई आणि ज्वारी, पुढे रस्ता, मध्ये आम्ही. मी कोपरगावच्या उसाच्या पट्ट्यातली. हिरव्या पाण्याच्या मुलखातून एकदम या कोरड्या रानात आले होते. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "शालन, तुझी नणंद जरा येगळी हाय. घाबरू नको." वेगळी म्हणजे काय, ते पुढे थंडीत कळलं. भर करडईत, त्या काट्यांमध्ये, वन्सं उकिडव्या बसलेल्या असायच्या, डोळ्याला भिंग लावून. करडईच्या शेंड्यांवर मावा पडतो. काळा, टाचणीच्या डोक्याएवढा, शेंडा दिसू नये इतका दाट. त्यातला रस पितो, खाली पानांवर चिकटा सांडतो, कपडे खराब होतात, पीक जातं. आम्ही बायका त्याला शिव्या देत शेंडे खुडायचो. वन्संनी एम.एस्सी.ला हाच मावा घेतला होता. सासूबाई बांधावरून ओरडायच्या, "इंदे, सारा गाव त्याला मारतोय आन् तू त्येला बघत बसलीस व्हय?" आणि वन्सं भिंग न काढता म्हणायच्या, "आई, मारायच्या आधी एकदा बघ तरी."

त्याआधी पावसाळ्यात, माझ्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले असतील, त्या एक दिवस कॉलेजातून घरी आल्या त्या जेवायलाच विसरल्या. कॉलेजच्या संग्रहाचं कपाट त्या आवरत होत्या. अगदी मागे, धुळीत, काचेची एक बरणी सापडली होती. कोणे एके काळी कुणा गोऱ्या पाद्र्यानं दिलेली, असं जुने शिपाई सांगत. वर चिठ्ठी होती 'परदेशी खार'. पाठीवर पांढुरके पट्टे, झुपकेदार शेपूट, लांबोडकं तोंड. वर्षानुवर्षं मुलांनी ती खार म्हणून पाहिली, वहीत खार म्हणून काढली. वन्संनी पुसायला म्हणून बरणी हातात घेतली, फिरवली, आणि पोटाची बाजू समोर आली. पोटावरच्या केसांत चार इवलीशी पिल्लं स्तनांना तोंड लावून लटकलेली होती. आई मेली, त्या औषधी पाण्यात किती वर्षं राहिली, पण पिल्लांनी तोंड सोडलं नव्हतं. "शालन, ही खार नाही," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली आला होता की मी पोळी लाटायची थांबले. "ही आपल्या जमिनीवरचीच नाही."

पुण्याला त्यांचे जुने, निवृत्त झालेले प्राध्यापक राहत. त्यांना दाखवायला बरणी एस.टी.नं न्यायची ठरली आणि सोबतीला मी. बरणी टॉवेलात गुंडाळून वन्संनी मांडीवर धरली होती, अंगावरच्या मुलाला धरावं तशी. सुप्याच्या पुढे रस्ता उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला त्या दोन्ही हातांनी बरणी उचलून धरायच्या, म्हणजे हादरा त्यांना बसावा, तिला बसू नये. कंडक्टरला राहवेना. "लोणचं हाय का बाई? लई जपताय." वन्सं गंभीरपणे म्हणाल्या, "बाळंतीण आहे." तो बिचारा पुण्यापर्यंत पुन्हा आमच्याकडे आला नाही.

सरांनी बरणी खिडकीच्या उजेडात ठेवली. भिंगातून पाहिलं. मग एक जाड इंग्रजी पुस्तक काढलं, त्यातल्या चित्राशी ताडून पाहिलं, पुन्हा भिंग... आणि मग ते म्हातारे गृहस्थ खुर्चीतून उठून उभे राहिले. एखादं मोठं माणूस दारात आल्यावर आपण उठतो, तसे. "नंबॅट," ते म्हणाले. "ऑस्ट्रेलियातला. कांगारूच्या जातकुळीतला, शिशुधान प्राणी. मी आयुष्यभर पुस्तकातच पाहिला. आता त्याच्या स्वतःच्या देशातही तो फार थोड्या जागी उरलाय." मला काही कळत नव्हतं, पण त्यांना उभं राहिलेलं पाहून मीही पदर सावरून उभी राहिले.

परतीच्या वाटेवर वन्सं बोलत राहिल्या. इतकं बोलताना मी त्यांना तोवर ऐकलं नव्हतं. या जातीची आई पोर पोटात पुरतं वाढवतच नाही. दोन आठवड्यांत ते बाहेर येतं. शेंगदाण्याएवढं, आंधळं, उघडं, कच्चं. आणि ते आपलं आपण, आईच्या केसांना धरून, स्तनापर्यंत चढतं. तिथे चिकटलं की पुढचे कित्येक महिने तेच त्याचं गर्भाशय. "कांगारूला निदान पिशवी असते," वन्सं म्हणाल्या. "हिला पिशवीपण नाही गं. नुसते पोटावरचे केस. ऊन, वारा, शत्रू... सगळ्याला तोंड द्यायला नुसती आईच्या पोटाची ऊब." मग खिडकीबाहेरच्या रानाकडे हात करून म्हणाल्या, "आणि आपल्या करडईवरचा मावा बघ. त्याला नर लागत नाही. मादी उभ्या उभ्या जिवंत लेक टाकते आणि खात राहते. त्या लेकीच्या पोटात आधीच नात तयार असते. आजी, आई, नात, एकीच्या आत एक. मागं वळून बघायची गरजच नाही." कोणतं मोठं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मोठं-लहान नाही शालन. जीव पुढं न्यायच्या या दोन तऱ्हा. दोन्ही बघून माझी मती गुंग होते."

दिवाळीनंतर कॉलेजात प्रदर्शन भरलं तेव्हा त्यांनी एका टेबलावर हे दोघेच मांडले. डावीकडे बरणी, उजवीकडे आमच्या रानातली करडईची फांदी आणि तिच्यावर भिंग. मला तेव्हा पाचवा महिना लागला होता. सासूबाईंचं म्हणणं, दिवस गेलेल्या बाईनं बरणीतलं मेलेलं जनावर बघू नये. पण वन्सं आम्हा दोघींना घेऊनच गेल्या. तिसगावकडचे शेतकरी आले होते, शहरातली मुलं होती, फेटे होते, बुरखे होते. एक शेतकरी बराच वेळ भिंगातून मावा पाहून म्हणाला, "बाई, ह्याला मारायचं औषध सांगा. ती परदेसी बाई कुठं आमच्या रानात येतीय!" सगळे हसले. वन्संही हसल्या. मग म्हणाल्या, "औषध सांगते. पण आधी हे बघा, तुमच्या डोळ्यांसमोर ती बाळंत होतेय." आणि खरंच, भिंगाखाली एका काळ्या मादीच्या मागच्या अंगानं एक फिकट, पाय हलवणारं पिल्लू बाहेर येत होतं. तो माणूस वाकला तो वाकलाच राहिला. मागचे लोक ढकलत होते, तरी जागा सोडीना. शेवटी म्हणाला, "आयला... आमी हे चिरडीत हुतो." सासूबाईंनीही पाहिलं. बाहेर आल्यावर त्यांचा अभिप्राय वेगळाच होता, "म्हंजी माव्याला बाळतपनाची सुट्टीच न्हाई म्हन की."

त्याच थंडीत बांगलादेशची लढाई झाली. नगरात लष्कराची वस्ती, त्यामुळे दिवे झाकायचे हुकूम कडक. आम्हीही खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. लढाई संपली तरी ते कागद काढायला कुणाला सवड झाली नव्हती. जानेवारीत ओटी भरून मला माहेरी न्यायला माणसं यायची होती. ती यायच्या आधीच एका सकाळी, पाणी भरताना, माझ्या कमरेतून कळ निघाली. सातवा महिना. हमीदाचाची आमच्या गावची सुईण, ती धावत आली. दुपारच्या आत मुलगी झाली... मुलगी कसली, सालपट काढलेल्या उंदराएवढा जीव. रडलीसुद्धा नाही, नुसतं मांजराच्या पिल्लासारखं कुईं केलं. शहरातून डॉक्टर स्कूटरवर आले. भले गृहस्थ होते. खोटा धीर त्यांनी दिला नाही. "पुण्याला काचेची पेटी असते, तिच्यात ऊब देऊन अशी मुलं ठेवतात," ते म्हणाले. "पण या थंडीत गाडीतून तिथवर ही पोचेल असं मला वाटत नाही. जमेल तेवढी ऊब द्या, थेंब थेंब दूध पाजा. मी रोज येऊन जाईन." यजमान दाराशी उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि गोठ्याकडे गेले.

कापसात गुंडाळली, वर दुपटं, वर शाल. शेजारी शेगडी. तरी तिचे हातपाय निळे पडत चालले. शेगडी जवळ केली की धुरानं श्वास अडे, लांब केली की अंग गार. सासूबाईंनी देवापुढे निरांजन लावलं आणि पदर तोंडाशी धरून बसल्या. मला वाटलं, ही आता जाणार. तेवढ्यात वन्सं कॉलेजातून आल्या. सायकल लावायचंही भान नव्हतं, ती अंगणात तशीच पडली. त्या आत आल्या, मुलीकडे पाहिलं, आणि किती वेळ नुसत्या पाहतच राहिल्या. मग वाकून तिच्या अंगावरचं एकेक सगळं सोडलं. कापूससुद्धा. "शालन, चोळी काढ," म्हणाल्या.

सासूबाई ओरडल्या, "अगं, काय करतीयस? मरंल ती!"

"गुंडाळून ऊब येत नाही आई. तिच्या अंगात ऊब असली तर ती राखली जाईल. तिच्या अंगात नाहीच." त्यांनी त्या उघड्या जिवाला माझ्या उघड्या छातीवर उभं ठेवलं, बेडकासारखे हातपाय पसरून, कान माझ्या काळजावर. डोक्याला लोकरीचं टोपडं. वरून सासूबाईंचं जुनं, मऊ झालेलं लुगडं घेऊन आम्हा दोघींना एकत्र आवळून बांधलं. मग खिडकीपाशी जाऊन तो काळा कागद एका ओढीत फाडला. ऊन आत आलं.

"लेकरू गुदमरंल," सासूबाई म्हणाल्या, आणि मग रागाच्या, भीतीच्या भरात जे बोलू नये ते बोलून गेल्या, "तुला काय ठावं गं, तुला ना लेकरू ना बाळ!"

वन्सं माझ्या पाठीशी उशा लावत होत्या, त्या तशाच लावत राहिल्या. "नाही ठाऊक," एवढंच म्हणाल्या. हमीदाचाचीनं मुलीच्या पायाला हात लावून पाहिला आणि हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आक्का. पाय ऊन व्हायला लागलाय."

दोन दिवस मी तिला तशी धरून बसले. झोपेतही बसूनच. आणि तिसऱ्या दिवशी मला हुडहुडी भरून ताप आला. बाळंतपणाचा ताप. दात वाजत होते, लुगड्याची गाठ धरवेना. डॉक्टरांनी सुया दिल्या आणि मुलीला माझ्यापासून दूर ठेवायला सांगितलं. माझ्या तापल्या डोक्यात एकच विचार, आता संपलं.

मी डोळे उघडले तेव्हा समोरच्या भिंतीला टेकून वन्सं बसल्या होत्या. ब्लाउज बाजूला काढून ठेवलेला, लुगड्याचा तो वेढा आता त्यांच्या छातीभोवती, आणि त्यातून मुलीचं टोपडं बाहेर दिसत होतं. तेव्हा त्या तिशीच्या आसपास असतील. लग्न न झालेली बाई, कॉलेजात शिकवणारी, आणि घरात माणसांची सारखी ये-जा. शेजारच्या बायका डोकावल्या, तोंडाला पदर लावून कुजबुजल्या. वन्संनी मान वर केली नाही. माझं दूध वाटीत काढून, कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब मुलीच्या ओठांवर सोडण्यात त्यांचं सगळं लक्ष होतं. एक थेंब, मग थांबायचं, ती गिळते का बघायचं, मग दुसरा. कॉलेजला रजा कळवली होती. माझा ताप उतरेपर्यंत वन्सं त्या भिंतीपासून फारशा हलल्या नाहीत. सासूबाई त्यांना घास भरवायच्या. हो, त्याच सासूबाई. भरवता भरवता एकदा त्यांनी वन्संच्या केसांवरून नुसता हात फिरवला.

एका दुपारी मी पडल्या पडल्या पाहत होते. खिडकीतून ऊन वन्संच्या खांद्यावर आलं होतं. त्यांना डुलकी लागली होती. त्यांची छाती वर-खाली होत होती आणि तिच्याबरोबर ते टोपडं वर-खाली होत होतं. मध्येच मुलगी श्वास घ्यायची थांबे, तसे ते लहान जीव थांबतात. पण पुढच्याच क्षणी वन्संचा श्वास तिला उचलून घेई आणि तीही पुन्हा सुरू होई... मी देवळात पुष्कळ गेले आहे. त्या दुपारी हात जोडावेसे वाटले तसे पुन्हा फार वेळा वाटले नाहीत.

माझा ताप गेला. मुलगी माझ्याकडे परत आली, मग आम्ही पाळ्या लावल्या. मी, वन्सं, आणि पुढे सासूबाईसुद्धा. बाराव्या दिवशी बारसं करायची कुणाची हिंमत झाली नाही. ते उन्हाळ्यात झालं, मुलीनं चांगलं बाळसं धरल्यावर. नाव ठेवायचा मान आत्याचा. वन्सं पाळण्यात वाकल्या, कानात कुर्र केलं आणि 'मृदुला' म्हणाल्या. त्याच वर्षी पाऊस दडला आणि दुष्काळ पडला. करडई उगवलीच नाही, माणसं खडी फोडायला गेली, आम्ही रेशनवरची परदेशी तांबडी ज्वारी, मिलो, खाल्ली. मृदुला त्या दुष्काळातच चालायला लागली. मदतीत वाटलेल्या गोड सुकडीच्या पिठाचा बकाणा भरून ती घरभर फिरे आणि वन्सं तिच्यामागे.

पुष्कळ वर्षांनी मृदुलाचीच लेक नगरच्या एका दवाखान्यात जरा लवकर जन्मली. तिथल्या नर्सनं मृदुलाला शिकवलं, बाळाला छातीशी कसं धरायचं ते. भिंतीवर चित्रही होतं. तिनं त्या पद्धतीला कांगारूचं नाव सांगितलं तेव्हा मी बाहेर बाकड्यावर येऊन रडले. वन्संना म्हटलं, "बघा, तुम्ही किती आधी हे केलं!" त्या ताठ बसल्या. कॉलेजात चुकीचं उत्तर आल्यावर बसायच्या तशा. "आपण काही केलं नाही शालन. यांनी शेकडो मुलं नीट तपासून हे ठरवलंय. आपण नुसत्या घाबरलेल्या होतो. मी एका मेलेल्या आईच्या पोटाकडे पाहिलं होतं, तेवढंच माझ्याजवळ होतं. मृदुला गेली असती तर?" तो 'तर' त्यांनी इतकी वर्षं एकटीनं वागवला होता, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्यांचा हात धरून बसून राहिले.

निवृत्त झाल्यावर त्यांचा दिवस घर आणि अंगण एवढाच झाला. पण एक रीत पक्की होती. संध्याकाळी कुणीही उंबरा ओलांडून आत आलं, मी असो, दूधवाला असो, बँकेतून येणारी मृदुला असो, की खुर्चीतून प्रश्न यायचा, "आज काय बघितलंस?" काही नाही म्हटलेलं चालायचं नाही. मग आम्ही दिवसभरात काहीतरी गोळा करून ठेवायला शिकलो. भाजीवाल्याच्या टोपलीतला सुरवंट, पावसाआधी अंडी हलवणाऱ्या मुंग्या, काहीही. त्या ऐकायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा उजेड यायचा.

काल संध्याकाळी मागच्या दारानं आत येताना मी थबकले. चौकटीच्या कोपऱ्यात एका कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधायला घेतलं आहे. ओल्या मातीची गोळी तोंडात धरून येते, लावते, पायानं चोपते, पुन्हा जाते. मी बराच वेळ उभी राहिले. आत खुर्ची रिकामी होती. तरी राहवेना म्हणून तशीच, उंबऱ्यात उभी राहून, मोठ्यानं सांगितलं, "दारात कुंभारीण घर करतेय."

आतून मृदुलाचा आवाज आला, "कुठं? थांब, मला दाखव."